मीनाआत्याची अक्षरं

माझी आत्या मीना सौंसरच्या शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झाली. त्याआधी, सत्त्याऐंशी साली, ती नागपुरात एका छोट्या कंपनीत होती, हे आम्हा घरच्यांनाही अंधुकच माहीत होतं.

त्या काळी टीव्हीला जोडायचे घरगुती कॉम्प्युटर निघाले होते. पडद्यावर फक्त इंग्रजी उमटायची. कंपनीतले इंजिनीअर अरविंद यांनी त्यासाठी एक कार्ट्रिज बनवलं. चपटी काळी डबी, कॉम्प्युटरच्या मागे खोचली की पडद्यावर मराठी दिसावी. अक्षरं काढायला चित्रं काढणारं कुणीतरी हवं होतं, म्हणून आत्याला घेतलं. आलेखाच्या कागदावर चौकोन काळे करून तिनं अख्खी बाराखडी बसवली.

डबी बाजारात आलीच नाही. ज्या कॉम्प्युटरसाठी ती होती, तोच यायचा बंद झाला आणि मालकांनी कंपनीला कुलूप लावलं. नमुन्याच्या दोन डब्या झाल्या होत्या. एक अरविंदांच्या घरबदलीत हरवली, दुसरी आत्यानं सौंसरला आणली.

मागच्या हिवाळ्यात अरविंदांचा पुण्याहून फोन आला. जुन्या कॉम्प्युटरच्या हौशी लोकांच्या गटात त्यांनी या डबीची आठवण लिहिली होती आणि कुणाचा विश्वास बसत नव्हता.

"मीनाताई, ते कार्ट्रिज टाकून तर नाही ना दिलं?"

"टाकून देईन काहून? कपाटात आहे. या तुम्ही."

ते रेल्वेनं पांढुर्ण्याला उतरले. मी त्यांना गाडीतून सौंसरला आणलं. मांडीवर जुन्या कॉम्प्युटरची पिशवी, आणि वाटभर ते तिच्यावरचा हात काढत नव्हते. आमच्या नव्या टीव्हीला त्या कॉम्प्युटरची वायर लागेना, म्हणून शेजारच्या पुंडलिकरावांचा जुना टीव्ही उचलून आणला.

पहिल्यांदा पडदा काळाच राहिला. अरविंदांनी खोडरबरानं डबीच्या पितळी पट्ट्या घासल्या, पुन्हा खोचली. आणि अ उमटला. मग आ, इ, ई. आत्या खुर्चीवरून उठून टीव्हीजवळ गेली. क आला तेव्हा तिनं त्याच्यावर बोट टेकवलं.

ठ, ज्ञ आणि ळ मात्र विस्कटलेले निघाले. "चिप अक्षरं विसरून राहिली, ताई," अरविंद म्हणाले. "इतक्या वर्षांत होतं असं. बाकीचं मी लॅपटॉपवर उतरवून घेतो. ही तीन तुम्ही काढून द्याल?"

जुने कागद केव्हाच गेले होते. आत्यानं चष्मा लावला आणि नव्या कागदावर चौकोन भरू लागली. अरविंदांनी वाकून पाहिलं. "हा ळ असा नव्हता. याचं पोट लहान होतं."

"हाव, नव्हताच. तेव्हा मालक डोक्यावर उभे राहायचे, घाईत काढला होता. आता कोणाची घाई आहे?"

"पण लोकांना जसं होतं तसंच पाहिजे असतं. जुन्या वस्तूची किंमत त्यातच आहे."

"ते तुमच्या लोकांचं झालं, भाऊ. अक्षर माझं आहे."

मी चहा आणला, तो अरविंदांनी सावकाश घेतला. मग म्हणाले, "दोन्ही ठेवू. मोडकी जशी आहेत तशी, आणि सोबत तुमची नवी. काढणारीचं नाव मात्र लिहू. तेव्हा ते राहूनच गेलं होतं."

"लिहा," आत्या म्हणाली.

अरविंदांनी सगळं गटात सर्वांसाठी खुलं केलं. महिन्याभरानं जळगावच्या एका गृहस्थांनी फोटो पाठवला. त्यांच्या जुन्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर त्यांच्या आईचं नाव होतं, निर्मला. मी फोन आत्यापुढे धरला. तिनं तो डोळ्यांजवळ नेला, खूप वेळ पाहिला.

"छान दिसून राहिलं," ती म्हणाली. "पण रफार एक चौकोन उजवीकडे सरकवायला पायजे. अरविंदभाऊंना फोन लाव बरं."