ऐनाखालची साक्ष

वनहक्क कायदा आला, त्यानंतरच्या दुसऱ्या हिवाळ्यात मी नाशिकहून सकाळची एसटी पकडली ती स्वतःचीच सही ओळखायला. नोकरीत असताना मी डोळखांबच्या जंगलात वनरक्षक होतो. तिथल्या एका पाड्याच्या वनहक्क समितीने मला बोलावलं होतं.

शहापूरला वडापाव खाऊन जीपमध्ये चौदावा म्हणून घुसलो. डोळखांबच्या पुढे पायवाट, त्यात चपलेचा अंगठा तुटला. पूर्वी याच वाटेने मी बूट वाजवत जायचो आणि माणसं बाजूला व्हायची. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू?

समितीचे भाऊ पाड्याच्या तोंडाशीच भेटले. "चांगुणाबायचा दावा अडकलाय, साहेब. जमीन कायद्याच्या आधीपासून कसते, याला दुसरा कागूद नाय."

चांगुणाबाईने आधी नाचणीची भाकर आणि जवळ्याची चटणी पुढे केली, मग पत्र्याच्या डब्यातून कागद काढला. वीस वर्षांपूर्वीचा माझा पंचनामा. त्यात मी लिहिलं होतं: तिच्या नवऱ्याने वनजमिनीत नाचणी केली, राबासाठी (रोपांची जमीन भाजायला लागणारा पाला) ऐनाच्या फांद्या तोडून झाडं नष्ट केली. त्यापायी तो आठ दिवस कोठडीत होता. नव्या कायद्याने तोच गुन्हा आता तिच्या हक्काचा पुरावा झाला होता.

"सही माझीच," म्हणून मी खाली तसं लिहून दिलं.

"मग माजा माणूस कोठडीत कशापायी गेला?" तिने विचारलं.

"सरकारनेच आता कायद्यात लिहिलंय, तुमच्यावर अन्याय झाला म्हणून."

"सरकारनी लिवला. तुमी?"

"चुकलं माझं, बाई."

"मला नको. त्याला त्या ऐनाखाली मातीत दिलाय. तिथं जाऊन सांगा."

गेलो. दरवर्षी फांद्या तोडून झाडाच्या अंगावर गाठीच गाठी आल्या होत्या आणि प्रत्येक गाठीतून नवा फुटवा निघालेला. 'नष्ट' म्हणून मी लिहिलेलं झाड माझ्या डोक्यावर सावली धरून उभं होतं. लाज वाटली. परत येऊन भाऊंकडे तोच कागद मागितला आणि आणखी एक ओळ लिहिली: झाडं नष्ट झाली नव्हती, मी खोटं लिहिलं होतं.

दावा आता पुढच्या तपासणीला शहापूरला जाईल, भाऊ म्हणाले.

परतीच्या एसटीत कायद्यातले शब्द आठवत होते: ऐतिहासिक अन्याय. ऐकताना वाटतं, करणारे कधीच मरून गेले असतील. मी तर खिडकीशी बसून शेंगदाणे खात होतो. ती एक ओळ लिहायला मला वीस वर्षं लागली, आणि ज्याने वाचायची तो ऐनाखाली होता.