बारा शिष्यांचा मान

आमच्या इगर्जीत येशूचे बारा शिष्य वर्षानुवर्षं तेच होते. म्हणजे त्याच बारा घरांतले. बाप गेला की मुलगा शिष्य व्हायचा. देवळात पालखीचे मानकरी असतात, तसे आमच्याकडे पाय धुऊन घेण्याचे मानकरी. ख्रिस्ती होऊन कैक पिढ्या झाल्या, देव बदलला, पण मान तेवढा कुणी सोडला नाही.

ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी हा सोहळा असे. मरणाच्या आदल्या रात्री जेवता जेवता येशू उठला, कमरेला टुवाल गुंडाळला आणि चाकरासारखे शिष्यांचे पाय धुतले. त्या शिष्यांत कितीतरी मासे मारणारे. आमच्याकडे त्यांच्या जागी बसत ते माडांच्या बागांचे मालक. त्यांना चिखल ठाऊक होता तो कुळांच्या पायांवरचा. घरून साबणाने पाय घासून, वर पावडर थापून येत, आणि पाद्री तेच गोरेगोमटे पाय पुन्हा धुई. खरे मासे मारणारे आम्ही, रापण ओढणारे, मागे भिंतीशी उभे.

वडिलांना याचा राग नव्हता, ओढ होती. "वर्साक एकदा देव खाली वाकता गो," ते आईला म्हणत, "आणि आमका दिसता ती पुढच्यांची पाठ."

साठ सालाच्या आसपास एक मानकरी अंथरुणाला खिळला. त्याचा मुलगा बोटीवर. नव्याने आलेल्या पाद्रीने रिकाम्या जागी वडिलांना बोलावलं. आईने आठवडाभर त्यांच्या भेगाळलेल्या टाचा नारळाच्या सोडणाने घासल्या.

"अगो, सगळा तूच धुतलंस तर पाद्री काय धुतलो?" वडील कुरकुरले.

"गप रवा. लोक नावां ठेवतले."

गुरुवारी पाद्रीने नम्रतेवर लांबलचक प्रवचन झोडलं आणि सुरुवात वडिलांपासून केली. पायावर पाणी ओतलं, कमरेच्या टुवालाने पुसलं. वडिलांचे डोळे भरून आले होते. मग पाद्री शेजारच्या बड्या बागायतदारापुढे सरकला. त्याने पाय बाकाखाली ओढून घेतला.

"फादर, टुवाल दुसरो घ्या."

कुजबुजून नाही, सगळ्यांना ऐकू जाईल असं. मला वाटलं, पाद्री आता त्याला खडसावणार. कसलं काय! त्याने मुकाट कमरेचा टुवाल सोडला आणि नवा मागवून बांधला. बाकीच्या अकरांना तो कोरा टुवाल मिळाला. पहिला वडिलांच्या पायांशी पडून राहिला, आणि लोक भक्तीने गात राहिले. थू त्या शिष्यांवर, आणि त्या पाद्रीवर दोनदा!

घरी आई चुलीपुढे बसून रडायला लागली. वडील मात्र खुशीत होते. मला त्यांचाही संताप आला. एवढा अपमान झाला, तो या माणसाला कळलाच नाही की काय?

"रडतंस कित्याक?" ते आईला म्हणाले. "येशून जुदासाचेय पाय धुतले. हो आपणाक धरून देतलो, ह्या म्हायत असून. आणि टुवाल एकच होतो."

एवढं बोलून त्यांनी पेज मागितली.

माझं मन एवढं मोठं नाही. काही वर्षांनी तो बागायतदार वारला, तेव्हा वडील त्याच्या पेटीला खांदा द्यायला गेले. मी घरातच बसून राहिले.