वरचे चाळीस

"गाडीला ताप आला की ती आधी मला सांगते, मग तुम्हाला," असं तो एकदा म्हणाला होता. गाड्यांचं वायरिंग करण्यात त्याची तीस वर्षं गेली होती. सगळे त्याला फ्यूजदादा म्हणत. पण मागच्या वर्षी त्याच्याच लेकीच्या गाडीचं इंजिन तापून जाम झालं, तेव्हा गाडीनं कुणालाच काही सांगितलं नाही. लेक दुकानांना पाव पोचवायची. तापमानाचा काटा खाली कोपऱ्यात, तिची नजर रस्त्यावर. तेव्हापासून तिनं धसकाच घेतला होता. "बाबा, पुन्हा असं झालं तर मी गाडी विकून मोकळी होणार."

म्हणून त्यानं काटाच रस्त्यावर आणायचं ठरवलं. स्टिअरिंगखालच्या सॉकेटातून इंजिनच्या कॉम्प्युटरचे आकडे घ्यायचे, डॅशबोर्डवर आडव्या ठेवलेल्या छोट्या स्क्रीनवर उलटे उमटवायचे. समोरच्या काचेत ते सुलटे दिसतात. पहिल्याच फेरीत झाडांवर, माणसांच्या पाठींवर हिरवे आकडे तरंगू लागले. लेक हरखली. मग तापमानाचा आकडा चढत चढत १३० वर गेला.

तिनं गाडी कडेला घेतली. त्यानं शेजारच्या सीटवरून उतरून बॉनेट उघडलं. वाफ नाही, वास नाही.

"एकशेतीस असतं तर पाणी उसळून बाहेर आलं असतं."

"मग मी तुमचं ऐकू की आकड्याचं?"

"थांब जरा."

"थांबलेच आहे की! मागे पाव वाळतायत."

त्यानं बॉनेट बंद केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो गार गाडीत एकटाच बसला. इंजिन सुरू न करता नुसती किल्ली फिरवली. काचेवर ६२. काचेपलीकडे, गॅरेजच्या भिंतीवरच्या तापमापकात २२. रात्रभर झोपलेल्या इंजिनला एवढा ताप? तो कधी आकड्याकडे, कधी आकड्यामागच्या भिंतीकडे बघत राहिला. बावीसचे बासष्ट. काल नव्वदचेच एकशेतीस झाले असणार. मग त्याची ट्यूब पेटली. बर्फात उभ्या गाडीला शून्याखालचंही सांगता यावं म्हणून कॉम्प्युटर प्रत्येक तापमानात चाळीस मिळवूनच धाडतो. ते आपण वजा करायचे असतात. त्यानं स्क्रीनला ते वजा करायला लावलं, तशी काचेवर २२ उमटले. तो स्वतःशीच हसला. एवढे दिवस इथल्या उन्हात उभं राहून हे इंजिन गारठलेल्या मुलखाचा हिशेब सांगत होतं.

"आज शेजारी बसा," लेक म्हणाली.

६५. ७४. ८८. चढ लागला, ९३. तो तोंड उघडणार, तेवढ्यात तीच म्हणाली, "चढ आहे ना, म्हणून. उतरेल आता."

उतरलं. ८९.

पुढच्या कोपऱ्यावर त्यानं हातानंच थांबायची खूण केली, दार उघडलं आणि उतरून घराकडे चालू लागला; गाडी आता आधी तिलाच सांगत होती.