सेयिलखानच्या पाचरी

सेयिलखानचा मी बावीस वर्षं हेवा केला, आणि तोही लाकडाच्या तुकड्यांवरून. आज तो निवृत्त झाला, तरी माझं पोटातलं दुखणं काही गेलेलं नाही.

कारागंडाच्या अग्निशमन केंद्रात आम्ही दोघं एकाच आठवड्यात लागलो. अंगाने मी त्याच्या दीडपट. मी शिडी खांद्यावर टाकून जिना चढायचो, तेव्हा हा बुटका मागून पाय घाशीत यायचा. पण खिसे तपासायची वेळ आली की केंद्रप्रमुख गेन्नादी पेत्रोविच थांबायचे ते त्याच्यासमोर. त्याच्या खिशात पक्कड, फास मारलेला जाड पट्टा आणि दार उघडं अडवून धरायला बर्चच्या लाकडाच्या दोन पाचरी.

"बघा, याला म्हणतात तयारी," पेत्रोविच सगळ्यांना ऐकवायचे. माझ्या खिशातून सूर्यफुलाच्या बिया निघायच्या.

पाचरी तो स्वतः तासायचा. जेवणानंतर सगळे चहा पीत बसले की याचा चाकू सुरू. नवी पोरं "आगा, मलापण एक" करत त्याच्याभोवती जमायची. मला कोणी आगा, म्हणजे दादा, म्हणून काही मागितल्याचं आठवत नाही. एकदा त्याने मलाही पाचर दिली. मी ती त्याच्यादेखत शेगडीत टाकली.

पुढच्या पाळीला त्याने दुसरी आणली. "ती ओली होती रे, नीट पेटली नाही. ही सुकी आहे बघ."

सगळे खो-खो हसले. माझा तिळपापड झाला. तीही मी जाळली.

अकरा वर्षांपूर्वी, जानेवारीत, आमच्या तुकडीचा प्रमुख नेमायचा होता. आम्हा दोघांतलाच एक होणार, हे केंद्रातल्या मांजरालाही ठाऊक होतं. त्याच आठवड्यात, भर दुपारी, एका नऊमजली इमारतीत सातव्या मजल्यावर बाउरसाक, म्हणजे पिठाचे गोळे, तळताना कढई पेटली. म्हातारी आतल्या खोलीत अडकली. जिन्यावर लोकांनी चोरांच्या भीतीने लोखंडी दार बसवलेलं, त्याला अशी जबर स्प्रिंग की हात काढला की दार मिटलंच. सेयिलखानने डोक्याच्या उंचीवर, बिजागरीच्या फटीत पाचर ठोकली आणि पाइपाचं तोंड धरून आत शिरला. पाइप ओढत मी मागे.

ती पाचर नेमकी माझ्या डोळ्यांसमोर आली. आता पेत्रोविच वर येणार, ती बघणार, आणि पुन्हा तेच कौतुक. मी ती उपटून खिशात घातली आणि माझी दाराखाली सरकवली. हो, त्या दिवशी माझ्याकडे होती एक, सुताराकडून गुपचूप करून घेतलेली.

ओल्या फरशीवर ती कसली टिकतेय. आम्ही आत वळलो आणि दार पाइपावर आपटलं.

"पाणी गेलं, ओरालबेक," धुरातून त्याचा आवाज आला. "दार बघ."

माझे पाय हललेच नाहीत. पाइप चाचपत तोच माझ्या अंगावरून मागे गेला, दार ढकललं, बिजागरीत दुसरी पाचर ठोकली. पाणी आलं. मग म्हातारीच्या काखेखालून पट्टा घालून त्याने तिला बाहेर ओढली. तेवढ्या वेळात त्याचा डावा कान भाजला.

"दार मिटलंच कसं?" खाली अंगणात पेत्रोविचनी विचारलं.

मी पाइप गुंडाळायला वाकलो. कानावर फडकं धरून सेयिलखान म्हणाला, "माझी पाचर निसटली. घाईत नीट बसली नाही."

तुकडीचा प्रमुख मी झालो. त्याला खरंच तसं वाटलं असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली. पोरं मात्र त्याच्याभोवतीच बसत राहिली, आणि मी जळत राहिलो. पुढे त्या कानाने ऐकू येईनासं झालं, म्हणून तर तो आज माझ्याआधी निघाला.

निरोपाच्या बेशबर्माकच्या जेवणानंतर त्याने प्रत्येकाच्या ताटलीशेजारी एकेक पाचर ठेवली. माझ्यापाशी आला तो रिकाम्या हाताने.

"का रे, मीच जड झालो का?" मी टोमणा मारला.

तो वाकला आणि कोणाला ऐकू जाणार नाही इतक्या हळू बोलला. "तुझ्याकडे आहे की एक माझी. अकरा वर्षं झाली."

ती तेव्हाही माझ्या खिशातच होती. अकरा वर्षं प्रत्येक दाराला मी तीच लावत आलोय. ती एकदाही निसटली नाही.