चोपणात उगवलेलं हळकुंड

भुताखेतांच्या गोष्टी निघाल्या की मी चहा मागवतो आणि गालातल्या गालात हसत बसतो. शिरूरला माती परीक्षणाच्या लॅबमध्ये नोकरीला आहे मी. जे मीटरवर दिसत नाही ते नाहीच, असा माझा खाक्या. त्यामुळे हे लिहिताना जरा ओशाळल्यासारखं होतंय... पण लिहितोच.

आमचं घर कवठे येमाईत. घरापुढचा तुकडा चोपण. उन्हाळ्यात वर पांढरे क्षार फुटतात, पाणी मुरत नाही, गवतसुद्धा धड येत नाही. सामू, म्हणजे पीएच, नऊच्या वर, मी स्वतः तपासलाय. त्या जमिनीचा उपयोग एकच – मांडव घालायला.

गेल्या उन्हाळ्यात तिथं माझ्या धाकट्या बहिणीचं, मंदाचं लग्न झालं. दुसरं लग्न. पहिला नवरा आजारपणात गेला, मग ती सणसवाडीला एका कंपनीत पॅकिंगला लागली आणि तिथं सुभाषराव भेटले. सज्जन माणूस, आम्ही सगळे खूश. बिथरले ते फक्त नाना. नाना म्हणजे आमचे चुलते. वडील लवकर गेले, आम्हाला वाढवलं ते त्यांनीच.

"दुसऱ्या लग्नाला मेढ कशाला रोवायची? रजिस्टर करा आन् मोकळं व्हा," असं म्हणाले, आणि मांडवाकडे फिरकलेच नाहीत. घर बांधापलीकडेच, तरी नाही.

मंदाही त्यांचीच पुतणी. "मेढ रोवायचीच, दादा. मी काय चोरून चाललेय व्हय?"

मग नानांच्या जागी मुहूर्तमेढ मीच रोवली. खड्ड्यात रिवाजाप्रमाणे सुपारी, नाणं आणि सुती फडक्यात बांधलेलं हळकुंड. हळकुंड किराणा दुकानातलं – म्हणजे उकडून, वाळवून, पॉलिश केलेलं. ते उगवणं म्हणजे वड्यातला बटाटा पेरून बटाट्याचं पीक येण्यासारखं!

लग्न दणक्यात झालं. मंदा नाचली, सुभाषराव लाजले, आई रडत रडत जिलेबी वाढत होती. पण मंदाची नजर सारखी नानांच्या दाराकडे जायची.

नागपंचमीच्या आदल्या दिवशी मंदा माहेरी आली. मेढ अजून उभीच होती. अंगणातून तिची हाक आली, "दादा, लवकर ये!"

मेढीच्या बुडाशी एक लांबरुंद, हिरवंगार पान. आईनं कडा चुरगळून हुंगली. "आगं बया... हळद हाय ही!"

मी हसलो. पंचमीला माती उकरत नाहीत, म्हणून तेव्हाच खुरपं घेतलं, हळूच उकरलं... आणि माझं हसू थांबलं. फडक्याचा धागासुद्धा उरला नव्हता. एरवी असल्या मातीत कापड सहजासहजी कुजत नाही, कुजवणारे जिवाणूच कमी असतात. सुपारी तशीच, नाणं काळं पडलेलं. आणि त्या वाळक्या हळकुंडातून कोंब वर गेलेला, खाली पांढरी मुळं! एक टोक मोडून पाहिलं. दुकानातल्यासारखंच खडखडीत.

नंतर ती माती लॅबला नेली. सामू तोच. त्याच पुडीतली उरलेली हळकुंडं चांगल्या मातीत, कुंडीत लावली. नुसती बुरशी आली. लॅबमधले म्हणतात, एखादा कच्चा कंद मिसळला असेल. असेलही... पण मोडून पाहिलंय मी.

पण त्या दिवशीचं पुढचं ऐका. आमचा गलका ऐकून नाना बांध ओलांडून आले. वाकून पाहिलं, पान दोन बोटांत धरलं. मंदानं पदर डोक्यावर घेतला आणि त्यांच्या पायाला हात लावला.

"ह्याला हिरीचं पाणी नको, लई खारं हाय. नळाचं आण," नाना मला म्हणाले. मग तिच्याकडे वळले. "आन् तू एकटीच आलीस व्हय? जावयांना फोन लाव. उद्या सणाला दोघांनी आमच्याकडंच जेवायचं."

मंदा हसत-रडत फोन आणायला आत पळाली. मी बादली भरून आणली, तर नाना मेढीपाशी बसून हातानं आळं करत होते.