तुम्हीच सांगा

बेबी, आपण मालवण सोडलं तेव्हा तू अडीच वर्षांची होतीस, आईच्या खांद्यावर झोपलेली. मी चौदाची. आईने घराला कुलूप घातलं, किल्ली काकीच्या हातात दिली आणि एसटी वळेपर्यंत एकदाही मागे पाहिलं नाही. सकाळी बोरिवलीच्या स्टँडवर बाबा घ्यायला आले. त्यांनी ट्रंक उचलली आणि पुढे चालू लागले. आई माझ्या कानात म्हणाली, "बारीक झाले गो." त्यांना मात्र काहीच म्हणाली नाही.

परवा फोनवर तू म्हणालीस, "ताई, त्या वयात तू फार खोटं बोलायचीस म्हणे." खरं आहे. कसं सुरू झालं ते सांगते.

आईबाबांच्या लग्नाला पंधरा वर्षं झाली होती, पण एकत्र राहणं वर्षातून फार तर महिनाभर. गणपतीत बाबा गावी यायचे, परत जायचे. मुंबईतली गिरणी बंद पडल्यावर त्यांना बोरिवलीत एका कारखान्यात काम लागलं, गावठाणात खोली मिळाली आणि त्यांनी आपल्याला बोलावून घेतलं. दोन अनोळखी माणसं एका खोलीत येऊन पडली. भांडली असती तर बरं झालं असतं. ती माझ्यामार्फत बोलायची. "बापाशीक सांग, जेवान वाढलंय." बाबा दोन हातांवरच बसलेले असत. "आईशीक सांग, माका भूक नाय." मी दोन्हीकडचं थोडं गोड करून सांगायचे. सवय तिथेच लागली.

आपले घरमालक फिलिप अंकल तिथलेच जुने ख्रिस्ती, घरात मराठीच बोलणारे. त्यांची आयरीन माझ्या वर्गात. अंकल आणि रेजिना आंटी ओट्यावर बसून गल्लीला ऐकू जाईल असं भांडत आणि तासाभराने त्याच ओट्यावर हसत बसलेली दिसत. नववीच्या सहामाहीत आयरीन गणितात नापास झाली. जेवताना तिने सांगून टाकलं. अंकलनी तिला झाडलं, मग तिच्या ताटात आणखी एक बोंबील वाढला. मीही नापास होते. मी प्रगतिपुस्तकावर बाबांची सही ठोकली.

पकडले गेले. मुख्याध्यापिकाबाईंनी आईबाबांना बोलावलं आणि विचारलं, "घरी काही त्रास आहे का?" दोघंही माझ्याकडे बघू लागली. मी म्हणाले, "नाही बाई, सगळं छान आहे."

परतताना बाबा मला म्हणाले, "आईशीक सांग, पोरगी तिची हा. तिनाच बघूचा."

आई शेजारूनच चालत होती. मी रस्त्यातच थांबले.

"तुम्हीच सांगा. मी नाय सांगणार," म्हणाले आणि आयरीनकडे निघून गेले.

आंटी भाकऱ्या थापत होत्या. "घरी सांगून आलीस ना?"

"ते नाही शोधणार. शोधायचं तर आधी एकमेकांशी बोलावं लागेल."

आंटींनी हात धुतले. मला पानावर बसवलं. थोड्या वेळाने दोघं अंगणात आली, तू आईच्या कडेवर. बाबा नुसतेच उभे राहिले. मग आई त्यांच्याकडे वळून म्हणाली, "तुम्ही हाक मारा तिका. तुमचा ऐकात." आई बाबांशी थेट बोललेली मी पहिल्यांदा ऐकली.

त्यानंतर सगळं सुधारलं असं नाही. कामापुरतं बोलू लागली. तुझ्या वाट्याला ती दोघं आली, ती हीच. म्हणून तुला ती बरी वाटतात. मी मात्र खोटं बोलतच राहिले आणि इंग्लंडमधल्या लेस्टरचं स्थळ आलं तेव्हा मुलगा नीट न बघताच हो म्हणाले.

इथली मुलं आईबापांना तोंडावर 'आय हेट यू' म्हणतात आणि दहा मिनिटांनी फ्रीज उघडतात. पहिली काही वर्षं मला ते ऐकवत नसे. गेल्या आठवड्यात कामावरून आले, तर आपला रोहन जिन्यावर बसलेला. पंधरा वर्षांचा आहे आता. म्हणाला, "मम, शाळेत सिगरेट ओढताना सापडलो. उद्या ते तुला फोन करतील." मी इतकी दमले होते की रागवायलाही जोर नव्हता. कोट न काढता त्याच्या शेजारी बसले.

मालवण लांब राहिलं, बोरिवलीही. घर कुठलं म्हणून कुणी विचारलं की मी विषय बदलायचे. आता वाटतं, वाईट बातमी बाहेरून यायच्या आधी जिथे आपल्याला सांगता येते, ते घर. मला ते मिळायला फार वर्षं लागली.