बॅटरीसाठी सुपारीची सालं: बोर्ली पंचतनची एक खेप

स्वातीताईचा फोन आला तेव्हा मी पनवेलला गॅरेजमध्ये बाइकची चेन बदलून घेत होतो. "शनिवारी बोर्लीला येतोस का? पोती आणायचीत," ती म्हणाली. कसली पोती हे न विचारताच मी हो म्हटलं. पुढे समुद्र असला की मला कारण लागत नाही.

कारण वाटेत कळलं. ताई माझी मावसबहीण, मुंबईत पीएचडी करते. बारावीनंतर मी कॉलेजचं तोंड फारसं पाहिलेलं नाही, तेव्हा मला समजलं तेवढंच सांगतो. आपल्या फोनच्या बॅटरीत लिथियम असतं, ते महाग पडतं. ताईच्या लॅबमध्ये सोडियमवर चालणारी बॅटरी करतात, म्हणजे मिठात असतं ते सोडियम. तिच्यात एका बाजूला खास जातीचा कोळसा लागतो आणि तो ताई सुपारीच्या सालांपासून करते, हवा लागू न देता भट्टीत भाजून. पावसाळा संपल्यावर पहिल्याच खेपेला तो असा झकास झाला की बटणाएवढ्या बॅटरीसाठी लॅबभर पेढे वाटले. त्यानंतर एकदाही जमला नाही. तिने भट्टीचं तापमान बदललं, रसायनं बदलली, काही उपयोग नाही. आता तिच्या मॅडमनी सांगून टाकलं होतं, महिनाअखेरपर्यंत तोच कोळसा पुन्हा करून दाखव, नाहीतर सालं सोड आणि दुसरा विषय घे. हे सांगताना ती मागच्या सीटवरून, हेल्मेटमधून इतकं हळू बोलत होती की मला दोनदा बाइक थांबवावी लागली.

ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी: पनवेलहून पेण, मग गोवा हायवेने माणगाव. हायवेवर धूळ भरपूर, रुमाल बांधा. माणगावला उजवीकडे वळलात की रस्ता एकदम शहाणा होतो. म्हसळ्याला एका बेकरीचा वास आला म्हणून मी वळलो आणि गरम पाव घेऊन बसलो, तर ताई घड्याळ दाखवत उभी. पुढे बोर्लीपर्यंत वळणंच वळणं. पेट्रोल बोर्लीला शिरण्याआधीच पाहून घ्या.

बोर्लीच्या जरा पुढे कुंदाकाकूंची नारळी-पोफळीची वाडी आहे. ताई मागे लॅबच्या लोकांबरोबर तिथे राहिली होती, पहिली पिशवी तिने तेव्हाच नेली; त्यानंतर काकूच तिला एसटीने सालांची पोती धाडतात. या वेळी मुदत जवळ आली म्हणून ती स्वतःच न्यायला निघाली होती. अंगणभर सुपारी वाळत पडलेली, पाय ठेवायला जागा नाही. काकूंनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "ह्यो कोन बाय, डायवर?" मी भाऊ आहे म्हटल्यावर म्हणाल्या, मग एवढा वाळलास कशाने. रात्री वालाचं बिरडं आणि तांदळाची भाकरी. मी चौथी भाकरी घेतली तेव्हा कुठे त्यांना बरं वाटलं.

सकाळी पोती भरायला हात लावायचा होता, पण मी दिवेआगरच्या किनाऱ्यावर गेलो आणि तिथेच रमलो. परतलो तेव्हा ताईची पोती भरून झाली होती आणि तीही रागाने तशीच भरलेली. मी मागच्या बाजूला वाळूचे पाय धुवायला गेलो. न्हाणीघराच्या वळचणीखाली जमिनीवर मोठा काळा डाग होता. काय जाळलं इथे, म्हणून विचारलं.

काकू म्हणाल्या, जाळलं नाही, तिथे जुन्या सालांचा ढीग होता, अख्खा पाऊस खाल्लेला. पाहुणी येणार म्हणून परवाच उचलून झाडांच्या आळ्यात टाकला.

ताई तरातरा बाहेर आली. "काकू, मी पहिल्यांदा आले होते ना, तेव्हा निघताना तुम्ही घरात नव्हतात. मी पिशवी त्याच ढिगातून भरली होती."

काकूंचा चेहरा उतरला. "अगं, ती कुजकी नेलीस? मना सांगलं न्हायस. मी मागाहून येक येक बघून धाडली, कोरडी, माळ्यावरची."

ताई पायरीवर बसली आणि हसायला लागली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मग मला समजावलं. सालीत पोटॅश असतं, आपण खतात टाकतो तेच. भाजताना ते कोळशाला नको तितकी भोकं पाडतं. पावसाने चार महिने ते धुऊन नेलं असणार. लॅबमध्ये साल वाळवतातच, म्हणून पहिली पिशवी ओली नि काळी होती याकडे ताईने लक्षच दिलं नव्हतं.

मग दिवसभर आम्ही तिघं आळ्यांत वाकून काळी सालं वेचत होतो. हरिहरेश्वर राहूनच गेलं. (तुम्ही जाल तर ओहोटीची वेळ विचारून जा, प्रदक्षिणेची वाट खडकांवरून आहे.) काकूंना फार लाज वाटत होती. निदान धुऊन तरी ने, म्हणून त्यांनी घंगाळ काढलं. धुवा काकू, हवं तितकं धुवा, असं ताई म्हणत होती. एवढं करून काकू मधूनच चांगली कोरडी मूठ पोत्यात सरकवायच्या आणि ताई ती पुन्हा बाहेर काढायची.

घरी आल्यावर बाइकच्या सीटला कित्येक दिवस कुजक्या सालांचा वास होता, मीही तो घालवायची घाई केली नाही. मग एका दुपारी ताईने आलेखाचा फोटो पाठवला. मला त्यातलं एवढंच कळलं की नवी रेघ पहिल्या खेपेच्या रेघेवर जवळजवळ बसली होती. पाऊसच कारण आहे हे अजून नीट सिद्ध करायचंय, त्यासाठी कोरडी सालं बादलीत भिजवून ठेवलीत. पण मॅडमनी विषय बदलायचं नाव काढलेलं नाही.

हे सांगायला आम्ही दोघांनी मिळून काकूंना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"म्हंजे बाय," त्या म्हणाल्या, "आता पावन्यांना कचराच द्यायचा काय?"